‘यात गाणी किती बसतील?’ : खिशातल्या संगीतसंग्रहाचा हिशेब

पुण्याच्या तापकीर गल्लीत मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भाव करून झाला की हमखास विचारतं, “यात गाणी किती बसतील?” दुकानदाराला हा प्रश्न रोजचाच. ३२ जीबीचं असेल तर “सात-आठ हजार कुठे गेली नाहीत”, १२८ जीबीचं असेल तर “काका, ऐकून संपायची नाहीत.” उत्तरं तशी चूक नाहीत. पण त्याच ३२ जीबीच्या कार्डावर कोणाची सहाशे गाणीच मावतात, आणि शेजाऱ्याच्या कार्डावर नऊ हजार भरूनही जागा उरते.

यात फसवणूक कोणाचीच होत नाही. घोळ ‘गाणं’ या मापातच आहे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकडीवरचं नाट्यपद सव्वातीन मिनिटांत संपतं, हिंदी सिनेमातलं गाणं चार-पाच मिनिटं चालतं, आणि सवाई गंधर्व महोत्सवात रंगलेला ख्याल तासाच्याही पुढे जातो. आपण तिन्हींना एकेकच मोजतो. कार्डाला यातलं काही कळत नाही. त्याचा मतलब दोनच गोष्टींशी: आवाज किती वेळ चालणार, आणि दर सेकंदाला त्याच्यावर किती बिट खर्च होणार. संग्रह मोजायचा तर तासांत मोजावा, असं माझं ठाम मत आहे. का ते सांगतो.

मिनिटाला एक एमबी

हिशेब सीडीपासून सुरू केला की सोपा जातो. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक नोंद १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट झाले. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. पाच मिनिटांचं गाणं ५३ एमबी खातं. वर जे सहाशे गाण्यांत कार्ड भरणारे गृहस्थ आले, त्यांनी सीडीवरची गाणी जशीच्या तशी उतरवून घेतलेली असतात.

हा आकडा खाली आणला एमपी३नं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केलं. फाइलच्या नावामागे ‘एमपी३’ हे शेपूट लावायचं १९९५ च्या जुलैत ठरलं. पुढे वर्षानुवर्षं सगळीकडे चाललेला दर म्हणजे १२८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १,२८,००० बिट. आठानं भागलं की १६,००० बाइट, आणि मिनिटाला ०.९६ एमबी. ‘१२८ ला मिनिटाला एक एमबी’ एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं तोंडी होतं: १९२ ला दीड, २५६ ला दोन, ३२० ला अडीच. नेमके आकडे थोडे कमी आहेत, पण दुकानात उभं राहून करायच्या हिशेबाला एवढं पुरतं.

१९९८ मध्ये खिशात मावणारे पहिले एमपी३ प्लेअर बाजारात आले, तेव्हा त्यांची जागा होती ३२ एमबी. म्हणजे अर्धा तास. कॅसेटची एक बाजू. पुढे पुण्याच्या फुटपाथांवर ‘१५० सुपरहिट’ असं लिहिलेल्या एमपी३ सीड्यांचे ढीग लागायचे, तो दीडशेचा आकडाही कोणी हवेतून काढलेला नव्हता. ७०० एमबीची सीडी, १२८ चा दर, पाच-पाच मिनिटांची गाणी: भागाकार करा, १४५ येतात.

२३ ऑक्टोबर २००१ ला ॲपलनं आयपॉड आणला तो ‘खिशात हजार गाणी’ म्हणत. डिस्क ५ जीबीची, दर १६० केबीपीएस. मिनिटाला १.२ एमबी धरले तर सुमारे ४,१६७ मिनिटं होतात, आणि त्यांना हजारानं भागलं की उरतात चार मिनिटं. पुढे १६० जीबीच्या आयपॉडवर ‘४०,००० गाणी’ लिहिलेलं असायचं, तिथेही गाणं चार मिनिटांचंच होतं. इंग्रजी पॉपला हे माप बरोबर बसतं. तासाभराच्या मैफली भरल्या असत्या तर पहिल्या आयपॉडमध्ये बसल्या असत्या फक्त एकोणसत्तर. यंत्र तेच, डिस्क तीच, तासही तेवढेच. पण खोक्यावर ‘६९’ छापून ते खपलं असतं का, शंका आहे.

लांबीवरून वय ओळखा

ज्यांच्याकडे जुना, बऱ्यापैकी मोठा संग्रह आहे त्यांनी एक गंमत करून बघावी. सगळ्या फाइली कॉम्प्युटरवर एका यादीत घ्याव्यात आणि कालावधीच्या रकान्यानुसार लावाव्यात. लांबी तीन मिनिटांपासून तासापर्यंत सारखी पसरलेली दिसेल असं वाटतं. तशी ती नसते. फाइली झुबक्याझुबक्यांनी गोळा झालेल्या असतात.

पहिला झुबका तीन ते साडेतीन मिनिटांचा. ही ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, दहा इंची तबकडीची मर्यादा. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जाननं ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं आपल्याकडच्या गवयांना एवढ्यातच राग मांडावा लागला. आलाप, बंदिश, ताना, सगळं तीन मिनिटांत. दुसरा झुबका वीस-पंचवीस मिनिटांचा, तो एलपीच्या, म्हणजे लाँग प्ले तबकडीच्या, एका बाजूचा. एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. तिसरा ३० आणि ४५ मिनिटांवर. हा कॅसेटचा, साठची आणि नव्वदची. कोणीतरी घरी कॅसेट चालू करून दिली आणि पूर्ण बाजू एकाच फाइलमध्ये उतरवली, हे त्या लांबीवरूनच समजतं. अशा फाइलच्या शेवटी बहुतेक वेळा अर्धा-एक मिनिट नुसती खरखर असते. आणि चौथा गट कुठेच न बसणारा: ५२ मिनिटं, ६७ मिनिटं, ८३ मिनिटं. या मैफली. गवयाला जेवढं गावंसं वाटलं तेवढं.

म्हणजे फाइलचं नाव ‘ट्रॅक ०१’ असलं आणि आत काहीच माहिती नसली, तरी ते ध्वनिमुद्रण कुठल्या काळातलं आणि कशावरून उतरवलेलं याचा अंदाज नुसत्या लांबीवरून येतो. जुन्या बाजारातल्या तबकड्यांवरून गाणी उतरवून देणाऱ्यांच्या संग्रहात तर हे झुबके फारच ठळक असतात.

एकाच संग्रहाची तीन उत्तरं

आता या लेखाचा गाभा. समजा एका पुणेकर रसिकाच्या कार्डावर एक हजार फाइली आहेत. त्यातली ९०० भावगीतं, नाट्यपदं, सिनेमाची गाणी. सरासरी चार मिनिटांची. उरलेली १०० शास्त्रीय ध्वनिमुद्रणं, सरासरी पाऊण तासाची. गाणी नव्यानं घेतलेली, म्हणून ३२० केबीपीएसची. शास्त्रीय ध्वनिमुद्रणं जुन्या कॅसेटवरून उतरवलेली, एकाच चॅनेलची, ६४ केबीपीएसची. या संग्रहात शास्त्रीय संगीत किती?

फाइली मोजल्या तर हजारात शंभर, म्हणजे १० टक्के.

जागा मोजली तर: गाणी ६० तासांची, ३२० च्या दरानं तासाला १४४ एमबी, म्हणजे ८.६४ जीबी. शास्त्रीय ७५ तास, ६४ च्या दरानं तासाला २८.८ एमबी, म्हणजे २.१६ जीबी. एकूण १०.८ जीबी, आणि त्यात शास्त्रीय २० टक्के.

वेळ मोजला तर १३५ तासांपैकी ७५. साधारण ५६ टक्के.

दहा, वीस आणि छप्पन. तिन्ही आकडे खरे आहेत. “मी काय शास्त्रीय फार ऐकत नाही” असं म्हणणाऱ्याच्या कार्डावर निम्म्याहून जास्त आवाज शास्त्रीय असतो, आणि त्याला ते माहीतही नसतं.

शफल लावलं, म्हणजे प्लेअरला गाणी कुठल्याही क्रमानं वाजवायला सांगितलं, की रागच जास्त का लागतात हे कोडंही इथेच उलगडतं. शफल फाइली पिसतं, मिनिटं पिसत नाही. त्यामुळे वरच्या संग्रहात दर दहा निवडींत राग एकदाच येणार. पण तो आला की पाऊण तास हलणार नाही. बाकीची नऊ गाणी मिळून छत्तीस मिनिटांत आटपतात. म्हणून रेंगाळत चाललेल्या बसमध्ये कधीही कान दिला तर राग चालू असण्याची शक्यता दहात एक नसून निम्म्याहून जास्त आहे. “माझा प्लेअर मुद्दाम रागच लावतो” ही तक्रार ज्यांनी केली आहे त्यांचा अनुभव खरा, कारण मात्र चुकीचं. उपाय सोपा आहे: तासाभराच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि शफलमधून वगळा. तशीही बिलासखानी तोडी शफलमध्ये ऐकायची चीज नाही. आणि पुलंचं कथाकथनही. एखाद्या हळव्या भावगीतानंतर अचानक प्रेक्षकांचा हशा सुरू झाला की रडावं की हसावं कळत नाही.

शफलबद्दल आणखी एक गैरसमज. पाच हजार गाण्यांतून दरवेळी कुठलंही एक गाणं निवडलं, आधीचं लक्षात ठेवलं नाही, तर पुन्हा तेच गाणं यायला निदान हजारभर गाणी जातील असं वाटतं. प्रत्यक्षात चौऱ्याऐंशी गाण्यांच्या आतच एखादं गाणं परत येण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. एका वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो, त्याच्यामागचं गणित हेच. म्हणून चांगले प्लेअर आधी सगळी यादी एकदा पिसून घेतात आणि मग ती क्रमानं वाजवतात.

काय गाळलं जातं

१२८ च्या दरानं सीडीच्या अकराव्या हिश्श्यात गाणं बसतं, म्हणजे दहा हिस्से कुठेतरी गेले. गेले ते आपल्या कानाच्या कमजोरीच्या खाती.

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ढोल-ताशाचं पथक समोरून जात असताना खिशातला फोन वाजला तर ऐकू येत नाही. फोन वाजतोच आहे. मोठ्या आवाजानं तो झाकला गेला आहे. कान आणि मेंदू हे सतत करत असतात: एका पट्टीत जोरकस स्वर असला की त्याच्या आसपासच्या पट्ट्यांमधले बारीक आवाज आपल्याला कळत नाहीत. जोरदार ठोक्यानंतरचा क्षणभराचा बारीक आवाजही तसाच हरवतो. एमपी३ गाण्याचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यात काय झाकलं जाणार याचा अंदाज बांधतं, आणि तिथे बिट खर्च करत नाही. वाचलेले बिट ऐकू येणाऱ्या भागाला देतं.

पॉप गाण्यात हे बेमालूम जमतं. आपल्या संगीतात दोन ठिकाणी पकडलं जातं. एक, तानपुरा. गायकाच्या मागे सतत चाललेला तो बारीक, भरगच्च झंकार एमपी३ला ‘झाकलेला’ वाटतो, आणि दर कमी असेल तर तो पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळीत होतो. दोन, टाळ आणि चिपळ्या. टाळेचा आघात एकदम, टोकदार येतो. पण गाळताना झालेली चूक त्या तुकड्याच्या लांबीभर पसरते, आघाताच्या आधीही. म्हणून ६४ किंवा ९६ केबीपीएसच्या अभंगात टाळ वाजण्याच्या किंचित आधी एक ‘छस्स’ ऐकू येतं. एकदा ते कळलं की मग दरवेळी कळतं, तेव्हा मी सांगितलं नसतं तर बरं असंही काहींना वाटेल.

त्याशिवाय १२८ केबीपीएसला बहुतेक सॉफ्टवेअर १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग सरळ कापून टाकतं. वय वाढतं तशी त्या पट्टीतली श्रवणशक्ती आपोआप कमी होते, म्हणून पन्नाशीपुढच्यांकडून याची तक्रार फारशी येत नाही.

मग किती दर ठेवावा? बोलण्याला, म्हणजे कथाकथन, कीर्तन, व्याख्यान याला, एका चॅनेलवर ६४ पुरेसे. तबकडी-कॅसेटच्या जमान्यातलं मोनो ध्वनिमुद्रण असेल तर दोन चॅनेलवर तोच आवाज दोनदा साठवण्यात अर्थ नाही; मोनोच ठेवा, जागा वाचते आणि काही जात नाही. चांगल्या मैफलींना १९२ च्या आसपासचा बदलता दर, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त बिट देणारा व्हेरिएबल बिटरेट, फिरत्या संग्रहासाठी भरपूर झाला. घरच्या कॉम्प्युटरवरची मूळ प्रत मात्र फ्लॅकमध्ये असावी. फ्लॅक काहीही गाळत नाही. नुसतं घट्ट बांधतं, आणि साधारण सीडीच्या निम्म्या-साठ टक्के जागेत बसवतं. त्यातून पुढे हवी तशी छोटी प्रत कधीही काढता येते.

कार्डावरही फ्लॅकच हवं असा आग्रह धरणारे माझे काही मित्र आहेत. ते ऐकतात ब्लूटूथ इअरफोनवर. ब्लूटूथची आवाज आवळायची नेहमीची पद्धत, एसबीसी कोडेक, तो फ्लॅक वाटेतच पुन्हा दाबते, सुमारे ३२८ केबीपीएस किंवा त्याहून कमी दरावर, आणि वर बसचं इंजिन. त्यांना मी आता काही म्हणत नाही.

एका फसवणुकीबद्दल मात्र सावध राहायला हवं. पेनड्राइव्हवर भरून मिळणाऱ्या गाण्यांच्या नावापुढे ‘३२० केबीपीएस’ लिहिलेलं असतं, आणि ती बरेचदा १२८ चीच, पुन्हा ३२० करून फुगवलेली असतात. पातळ ताक मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दाट होत नाही. फाइल अडीचपट होते, आवाज तोच राहतो. उलट दोनदा गाळल्यानं किंचित आणखी बिघडतो. स्पेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की तिचा पट्ट्यांचा आलेख दिसतो. ३२० च्या फाइलमध्ये १६,००० हर्ट्झवर कात्रीनं कापल्यासारखी सरळ रेघ असेल तर बहुतेक माल फुगवलेला. बहुतेक म्हणायचं कारण, जुन्या तबकडीच्या आवाजात वरचा भाग मुळातच नसतो. तिथे हा आलेख फसवू शकतो.

भीमसेन ‘जोश’

संग्रह मोठा झाला की खरा त्रास जागेचा नसतो, नावांचा असतो. गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती फाइलच्या आतच साठवलेली असते. तिला टॅग म्हणतात. १९९६ मध्ये आलेली टॅगची पहिली पद्धत, आयडी३, अगदी काटकसरीची होती: फाइलच्या शेपटाला १२८ बाइट. त्यात शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, प्रकाराला १, आणि ‘इथे टॅग आहे’ हे सांगायला ३.

रोमन लिपीत एक अक्षर एक बाइट घेतं, तिथे तीस बाइट ठीक आहेत. देवनागरी हल्लीच्या यूटीएफ-८ पद्धतीत लिहिली तर प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे वेगळे वर्ण धरले जातात. ‘भीमसेन जोशी’ मोजून बघा: भ, ी, म, स, े, न हे सहा, ज, ो, श, ी हे चार. दहा त्रिक तीस, आणि मधल्या रिकाम्या जागेचा एक. एकतीस. एका बाइटानं नाव बाहेर पडतं, शेवटची वेलांटी अर्धवट तुटते, आणि पडद्यावर ‘भीमसेन जोश’ आणि त्यापुढे एक चौकोन. ‘लता मंगेशकर’ही बरोबर एकतीस बाइटांचं आहे, तिथे शेवटचा ‘र’ जातो.

१९९८ पासून आलेल्या आयडी३च्या दुसऱ्या पिढीत ही अडचण उरली नाही. लांबीचं बंधन गेलं, देवनागरीची सोय झाली, संगीतकार आणि गीतकारासाठी स्वतंत्र रकाने आले. पण जुने कार स्टिरिओ पहिलीच पिढी वाचतात किंवा त्यांच्यात देवनागरीचा फाँटच नसतो. म्हणून गाडीतल्या पडद्यावर चौकोनांची माळ दिसते.

त्या पहिल्या पद्धतीत संगीताचे प्रकार ऐंशी होते. त्यांत पोल्का हे युरोपी नाचाचं संगीत आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही, अभंग नाही, लावणी नाही. मग लोक सगळं ‘इतर’मध्ये टाकतात किंवा प्रकार रिकामा सोडतात. सिनेमाच्या गाण्याला गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट अशा चार ओळखी. शास्त्रीयला कलाकार, राग, ताल, साथीदार आणि मैफलीचं वर्ष. ‘कलाकार–अल्बम–गाणं’ या तीन खणांत हे मावत नाही. त्यामुळे संगीतकाराचं नाव कोणी कलाकाराच्या खणात घालतं, कोणी शीर्षकाला जोडतं. त्यात ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि ‘जोशी भीमसेन’ हे यंत्राच्या लेखी चार वेगळे गवई. यादीत ते चार ठिकाणी विखुरतात, आणि आपल्याला वाटतं आपल्याकडे पंडितजींचं फारसं काही नाहीच.

क्रमाचा घोळ तर याहून वाईट. गीतरामायणाची छप्पन्न गाणी, पुणे आकाशवाणीवरून १९५५–५६ मध्ये दर आठवड्याला एक अशी प्रसारित झालेली. त्यांना क्रम आहे, कथा आहे. ती फाइलच्या नावानुसार अकारविल्हे लावली की ‘गा बाळांनो, श्रीरामायण’ हे शेवटचं गाणं सुरुवातीकडे येतं आणि ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ हे पहिलं गाणं पार शेवटाकडे जातं. नावाआधी आकडे घातले तरी १ नंतर १०, मग ११, मग २ असा क्रम अनेक यंत्रं लावतात. ०१, ०२ असे दोन अंकी आकडे घातले की तो प्रश्न मिटतो.

एकच गाणं चार वेळा

संग्रह मोठा दिसण्याचं आणखी एक कारण म्हणजे दुबार फाइली. एकच गाणं सिनेमाच्या अल्बममध्ये असतं, गायिकेच्या निवडक गाण्यांत असतं, संगीतकाराच्या निवडक गाण्यांत असतं, आणि ‘गाडीसाठी’ नावाच्या फोल्डरमध्येही. नुसता टॅग बदलला तरी फाइल बदलते, म्हणून बाइटन् बाइट ताडून बघणारं सॉफ्टवेअर यांना वेगळं समजतं. क्रोमाप्रिंटसारखं तंत्र फाइल न बघता आवाज बघतं: स्वरांचा चढउतार वेळेनुसार टिपून त्याचा ठसा बनवतं आणि ठसे जुळवतं. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे मोफत सॉफ्टवेअर तेच वापरतं. एक धोका सांगून ठेवतो. गीतरामायण आकाशवाणीवर निरनिराळ्या गायकांनी गायलं होतं, आणि सुधीर फडक्यांच्या स्वतःच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण वेगळं. शीर्षकं तीच. नावं बघून दुबार फाइली उडवल्या तर त्यातलं एक जाईल आणि कळणारही नाही.

स्ट्रीमिंगवर डाउनलोड केलेली गाणी मी संग्रहात धरत नाही. स्पॉटिफायवर एका उपकरणावर १०,००० गाणी उतरवता येतात, पण तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, आणि त्या फाइली ॲपबाहेर चालत नाहीत. एअरटेलचं विंक २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा त्यातल्या याद्या आणि डाउनलोडही त्याच्याबरोबर गेले. खंबाटकी घाटात रेंज गेली की उपयोगी पडतात, हे कबूल.

जुन्या तबकड्या उतरवणाऱ्यांसाठी कायद्याचं थोडक्यात: भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. तबकडी मोकळी झाली म्हणजे गाणं मोकळं झालं असं नाही.

कार्ड घेताना

१२८ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं की ११९ जीबी दिसतं आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. कार्ड बनवणारे हजारानं मोजतात, विंडोज १०२४ नं. बाइट तेवढेच आहेत.

१९२ केबीपीएसच्या दरानं १२८ जीबीत सुमारे १,४८० तास बसतात. रोज एक तास ऐकलं तर चार वर्षं. ३२ जीबीत ३७० तास, म्हणजे वर्षभर. कात्रज–हिंजवडी रोज करणाऱ्याला ते निम्माच काळ पुरतील, पण तोही सहा महिन्यांत एकदा गाणी बदलेलच. त्यामुळे जुन्या गाडीसाठी माझी पसंती ३२ जीबीला. दुसरं कारण तांत्रिक: ३२ जीबीपर्यंतची कार्डं एफएटी३२ या फाइली मांडायच्या पद्धतीनं आखलेली येतात, त्यावरची एक्सफॅटनं, आणि जुने कार स्टिरिओ एक्सफॅट ओळखतच नाहीत. कार्ड खराब नसतं, गाडीला वाचता येत नसतं.

आणि यातले बरेच स्टिरिओ गाणी नावानुसार लावत नाहीत. ज्या क्रमानं ती कार्डावर कॉपी झाली त्याच क्रमानं वाजवतात. सगळी एकदम ओढून टाकली की तो क्रम कॉम्प्युटरच्या मर्जीवर. कार्ड आधी पूर्ण फॉरमॅट करावं, मग एकेक फोल्डर क्रमानं टाकावा. नंतर एखादं राहिलेलं गाणं मध्ये घालायचं झालं तर ते शेवटीच जाऊन बसतं, आणि मग सगळं पुसून पहिल्यापासून.